रिलॅक्स व्हा, म्हणजे नेमकं काय करा?

अँजिओग्राफी किंवा अँजिओप्लास्टी करून आलेल्या कुणालाही विचारून बघा, आतल्या खोलीत सगळ्यात जास्त वेळा कानावर पडलेला शब्द कोणता? उत्तर बहुतेक वेळा एकच येईल, 'रिलॅक्स'! "रिलॅक्स राहा हं काका", "हात अगदी रिलॅक्स सोडा", "काही होत नाही, रिलॅक्स!" डॉक्टर म्हणतात, सिस्टर म्हणतात, स्ट्रेचर ढकलणारे मामाही म्हणतात. गंमत अशी की रिलॅक्स व्हायचं कसं, हे मात्र कुणीच सांगत नाही. पोहायला न शिकवता एखाद्याला विहिरीत सोडायचं आणि काठावरून "पोहा, पोहा" म्हणायचं, तसलाच हा प्रकार. खरं तर हे शिकवता येतं, आणि ते शिकवायच्या पद्धती शोधल्या गेल्यालाही आता शंभर वर्षं होत आली. त्या इतिहासात मध्यंतरी बरंच डोकावलो, त्याबद्दल थोडंसं.

मुळात हा प्रश्न हृदयाच्या बाबतीतच इतका का यावा? पोटाचं मोठं ऑपरेशन असलं की माणसाला सरळ झोपवतात. बायपासलाही पूर्ण भूल असते. पण कॅथेटर, म्हणजे रक्तवाहिनीतून थेट हृदयापर्यंत सरकवायची बारीक नळी, वापरून जे उपचार होतात त्यातले बरेचसे माणूस जागा असतानाच होतात. मनगटाची किंवा जांघेची तेवढी जागा बधिर करायची, फार तर गुंगीचं थोडं औषध द्यायचं, की झालं. यामागे कारणं आहेत. एक तर पूर्ण भुलीची जोखीम टळते. शिवाय रुग्ण जागा असेल तर छातीत दुखल्याचं सांगू शकतो आणि "श्वास रोखा" म्हटलं की रोखू शकतो. पण जागं राहायचं म्हणजे भीतीही जागीच राहणार! आपल्या हृदयात कुणीतरी काहीतरी करतंय आणि आपण ते पडद्यावर बघत पडलोय, ही अवस्था मानवाच्या इतिहासात तशी नवीनच आहे.

त्याआधीची परिस्थिती उलटी होती. भूल देण्याची औषधं नव्हती तेव्हा मनाच्या जोरावर वेदना आवरायचे प्रयोग झाले, आणि त्यातले सगळ्यात गाजलेले प्रयोग आपल्याच देशात झाले. १८४५ साली बंगालमधल्या हुगळीला जेम्स एस्डेल नावाच्या स्कॉटिश डॉक्टरने रुग्णांना मेस्मेरिझमने गुंगवून शस्त्रक्रिया करायला सुरुवात केली. पुढच्याच वर्षी, १६ ऑक्टोबर १८४६ रोजी, बोस्टनमध्ये ईथर हुंगवून केलेल्या शस्त्रक्रियेचं जाहीर प्रात्यक्षिक झालं आणि एस्डेलचा मार्ग ओस पडला. ते साहजिकच होतं. बाटलीतलं औषध जवळजवळ सगळ्यांवर चालतं, हातांच्या लकबी काहींवरच चालत. वेदनेचा प्रश्न औषधाने सोडवल्यावर रुग्णाच्या मनाची गरज कुणाला उरली नाही.

ती पुन्हा निर्माण झाली १९२९ साली. या एका वर्षात दोन गोष्टी घडल्या. एकमेकींशी त्यांचा काही संबंध नव्हता, आणि त्यांची गाठ पडायला पुढे बरीच वर्षं जावी लागली.

पहिली घडली जर्मनीत, बर्लिनजवळच्या एबर्सवाल्डे या गावातल्या छोट्या इस्पितळात. वेर्नर फोर्समान हा पंचविशीतला डॉक्टर. हाताच्या शिरेतून नळी हृदयापर्यंत नेता येईल असं त्याला वाटत होतं. वरिष्ठांनी साफ नकार दिला. मग त्याने उपकरणांच्या चाव्या जिच्याकडे होत्या त्या गेर्डा डिटझेन नावाच्या परिचारिकेला विश्वासात घेतलं. ती म्हणाली, प्रयोग माझ्यावर करा. फोर्समानने तिला टेबलावर बांधलं आणि तिचं लक्ष नाही असं बघून स्वतःचाच हात बधिर करून मूत्रमार्गासाठी वापरतात ती नळी स्वतःच्या शिरेत सरकवली! मग तिला सोडवलं आणि दोघं एक्सरेच्या खोलीकडे गेले. तिने धरलेल्या आरशात पडदा बघत बघत त्याने ६५ सेंटिमीटर नळी आत ढकलली. टोक हृदयाच्या उजव्या कप्प्यात पोचल्याचा एक्सरे आजही पाठ्यपुस्तकांत छापतात. वेदना झाल्या नाहीत, शिरेतून नळी जाताना फक्त ऊब जाणवली, असं त्याने लिहून ठेवलंय. या उपद्व्यापाबद्दल आधी बोलणी खावी लागली आणि १९५६ साली, आंद्रे कुर्नां आणि डिकिन्सन रिचर्ड्स यांच्याबरोबर, नोबेल मिळालं. आपल्या दृष्टीने महत्त्वाचं म्हणजे, हृदयात नळी गेलेला हा पहिला नोंदलेला 'रुग्ण' पूर्ण जागा होता आणि जिना उतरून चालत गेला होता.

दुसरी गोष्ट अमेरिकेतली. शिकागोच्या एडमंड जेकबसन यांचं 'प्रोग्रेसिव्ह रिलॅक्सेशन' हे पुस्तक त्याच १९२९ साली आलं. जेकबसन १९०८ साली हार्वर्डमध्ये असताना अचानक मोठा आवाज झाला की माणूस दचकतो कसा, याचा अभ्यास करत होते. ज्यांचे स्नायू खरोखर सैल सोडलेले असतात ती माणसं दचकत नाहीत किंवा फारच कमी दचकतात, असं त्यांना आढळलं. तिथून त्यांनी एक पद्धत बांधली. हात किंचित वर वळवायचा, त्या जागी येणारा ताण नीट ओळखायचा आणि मग सोडून द्यायचा. मग दुसरा स्नायू, मग तिसरा. दिसायला अगदी बालिश वाटतं. पण त्यामागचा विचार पक्का आहे. आपले खांदे वर चढलेत, जबडा आवळलाय, हे आपल्याला बहुतेक वेळा माहीतच नसतं. जे माहीत नाही ते सोडणार कसं? म्हणून आधी मुद्दाम ताण आणून त्याची ओळख करून घ्यायची. सैल सोडणं ही काही करायची क्रिया नाही, चालू असलेलं करणं थांबवणं आहे, यावर जेकबसन यांचा फार भर होता. "रिलॅक्स व्हायचा प्रयत्न करतोय" म्हणणारा माणूस त्यांच्या मते उलट्या दिशेने चाललेला असे!

हे सगळं हृदयाला कशासाठी हवं, त्याचं उत्तर हार्वर्डच्याच वॉल्टर कॅनन यांनी १९१५ च्या पुस्तकात दिलं होतं. भीती वाटली की ॲड्रेनॅलिन रक्तात येतं, ठोके वाढतात, रक्तदाब चढतो, स्नायू आवळले जातात. वाघ दिसला तर हे फार उपयोगी आहे. पण आधीच रक्ताची ओढाताण असलेल्या हृदयाला अशा वेळी जास्त काम पडतं, त्याला प्राणवायू जास्त लागतो. आणखी एक गोष्ट आहे. ल्युसियाँ कँपो यांनी १९८९ साली कॅनडात मनगटातून अँजिओग्राफी केली, फर्डिनांड किमेनाय यांनी १९९२ साली नेदरलँड्समध्ये त्याच मार्गाने अँजिओप्लास्टी केली, आणि आता हाच मार्ग सर्रास वापरतात. मनगटाची धमनी बारीक असते आणि तिच्या भिंतीत स्नायू भरपूर. ॲड्रेनॅलिन वाढलं की ती आवळते आणि आतल्या नळीला अक्षरशः पकडून ठेवते. मग दुखतं, दुखलं की भीती वाढते, भीतीने ती आणखी आवळते. डॉक्टर धमनी सैल करणारी औषधं देतातच. पण "हात रिलॅक्स सोडा" हे नुसतं सौजन्य नसतं, एवढं यातून कळतं.

जागा रुग्ण किती मोलाचा असतो याचा दाखला ३० ऑक्टोबर १९५८ रोजी मिळाला. अमेरिकेतल्या क्लीव्हलँड क्लिनिकमध्ये मेसन सोन्स हे एका २६ वर्षांच्या तरुणाच्या महाधमनीत रंगद्रव्य सोडत होते. नळीचं टोक अचानक उजव्या हृद्‌रोहिणीत सरकलं आणि बघता बघता जवळजवळ ३० घनसेंटिमीटर द्रव्य थेट तिच्यात गेलं. हृदय थांबलं! सोन्स यांनी छाती उघडायची तयारी केली, पण त्याच क्षणी त्यांना सुचलं की खोकल्याच्या दाबाने ते द्रव्य पुढे ढकललं जाईल. शुद्ध अजून गेली नव्हती म्हणून ते ओरडले, "खोका!" तरुण खोकला, पुन्हा खोकला, आणि ठोके परत सुरू झाले. हृद्‌रोहिण्यांची अँजिओग्राफी या अपघातातून जन्मली. झोपवलेल्या माणसाला खोकायला सांगता आलं नसतं.

पुढे १६ सप्टेंबर १९७७ रोजी झुरिकमध्ये आंद्रेआस ग्रुंट्झिग यांनी ३८ वर्षांच्या रुग्णावर जगातली पहिली हृद्‌रोहिणीची बलून अँजिओप्लास्टी केली. आपल्या घरच्या स्वयंपाकघरातल्या टेबलावर त्यांनी हे फुगे जमवत आणले होते. रुग्ण अर्थातच जागा होता. आणि आता प्रक्रिया नुसती बघण्यापुरती राहिली नव्हती. फुगा फुगतो तेवढा वेळ त्या धमनीतलं रक्त अडतं आणि अनेकांना छातीत खरोखर दुखतं.

आता जरा आपल्याकडे येऊ. शरीर सैल सोडायची कला आपल्याकडे काही १९२९ साली आली नाही. हठप्रदीपिकेत शवासनाने थकवा जातो आणि चित्ताला विश्रांती मिळते असं म्हटलंय. पण ते मोजून बघायची सुरुवात महाराष्ट्रात झाली याचं मला फार कौतुक वाटतं. स्वामी कुवलयानंदांनी १९२४ साली लोणावळ्याला कैवल्यधाम स्थापलं आणि योगाच्या क्रियांकडे एक्सरे आणि रक्तदाबमापक घेऊन बघायला सुरुवात केली. त्यानंतर १९६९ साली मुंबईच्या केईएम रुग्णालयातल्या डॉ. के. के. दाते आणि त्यांच्या सहकाऱ्यांचा रक्तदाबाच्या ४७ रुग्णांवर केलेला शवासनाचा अभ्यास 'अँजिओलॉजी' या परदेशी नियतकालिकात छापून आला. रुग्णाने रोज अर्धा तास उताणं पडून राहायचं, संथ श्वास घ्यायचा आणि लक्ष नाकपुड्यांवर ठेवायचं. आत येणारी हवा गार लागते, बाहेर जाणारी कोमट, तेवढंच बघायचं. अनेकांचा रक्तदाब उतरला, औषधं कमी करता आली. आजच्या कसोट्यांवर हा अभ्यास लहान आहे. पण परळच्या सरकारी गर्दीत एका हृदयरोगतज्ज्ञाने शवासनाला गूढ वलयातून काढून तक्त्यात बसवलं, हे मोठंच काम होतं. याच सुमारास अमेरिकेत हर्बर्ट बेन्सन हे हृदयरोगतज्ज्ञ महर्षी महेश योगींच्या पद्धतीने ध्यान करणाऱ्यांची नाडी आणि प्राणवायूचा खप मोजत होते. त्यांचं 'द रिलॅक्सेशन रिस्पॉन्स' १९७५ साली निघालं. भीतीने शरीर पेटतं, तसंच ते विझवायचीही सोय शरीरातच आहे, हा त्यांचा सिद्धांत.

पण घरी शांतपणे पडून केलेल्या गोष्टी ऑपरेशनच्या वेळी उपयोगी पडतात का? पहिला ठोस पुरावा १९६४ चा. बोस्टनच्या मॅसॅच्युसेट्स जनरल हॉस्पिटलमध्ये लॉरेन्स एग्बर्ट आणि मंडळींनी पोटाची शस्त्रक्रिया होणारे ९७ रुग्ण घेतले. काहींना आदल्या दिवशी सांगितलं, की नंतर दुखेल, कुठे दुखेल, ते पोटाचे स्नायू आवळल्याने दुखतं, आणि ते सैल कसे सोडायचे, श्वास कसा घ्यायचा. बाकीच्यांना नेहमीसारखंच. शिकवलेल्या रुग्णांना वेदनाशामक औषध निम्म्यानेच लागलं आणि ते सरासरी २.७ दिवस आधी घरी गेले. मग १९७९ साली कॅलिफोर्नियातल्या पालो आल्टोमध्ये फिलिप केंडल आणि सहकाऱ्यांनी असाच प्रयोग हृदयात नळी घालायच्या तपासणीवर केला. ज्यांना भीतीची चाहूल ओळखून तिला तोंड द्यायच्या युक्त्या शिकवल्या होत्या ते रुग्ण तपासणीच्या वेळी सगळ्यात स्थिर होते, असं आत काम करणाऱ्या डॉक्टर-तंत्रज्ञांनीच नोंदवलं. फोर्समानची नळी आणि जेकबसनच्या वाटेने पुढे आलेलं प्रशिक्षण, यांची गाठ पडायला अशी पन्नास वर्षं लागली.

माझी स्वतःची अँजिओग्राफी काही वर्षांपूर्वी झाली. (ब्लॉकेज फारसं निघालं नाही, गोळ्यांवर भागलं.) आत्ता आठवतो तो आतला गारठा, अरुंद टेबल, आणि छातीवर येऊन फिरणारा तो कॅमेऱ्याचा अजस्र हात. मी आधी आठवडाभर शवासनाचा सराव करून गेलो होतो आणि तो बऱ्यापैकी लागूही पडत होता. तेवढ्यात कुणीतरी म्हणालं, "आता जोरात टोचणार हं, घट्ट राहा!" झालं! आठवडाभराची कमाई एका वाक्यात गेली. दात, खांदे, पोट सगळं आवळलं गेलं. प्रत्यक्षात सुई मुंगी चावावी तेवढीच लागली.

नंतर वाचताना कळलं की या वाक्यावरही संशोधन झालंय! एल्व्हिरा लँग या अमेरिकेतल्या रेडिओलॉजिस्ट. रक्तवाहिन्यांत आणि मूत्रपिंडात नळ्या घालायच्या प्रक्रियांचे २४१ रुग्ण घेऊन त्यांनी केलेला अभ्यास २००० साली 'लॅन्सेट'मध्ये आला. एका गटाला नेहमीची वागणूक, दुसऱ्या गटाशेजारी आस्थेने लक्ष देणारी व्यक्ती, आणि तिसऱ्याला टेबलावरच श्वास सोडत अंग सैल करायला आणि आवडत्या जागी असल्याची कल्पना करायला शिकवलं. पहिल्या दोन्ही गटांत वेळ जाईल तशी वेदना चढत गेली, तिसऱ्यात ती जवळपास सपाट राहिली. औषध दोन्ही गटांत निम्म्याहून कमी लागलं. आणि प्रक्रिया नेहमीच्या गटात सरासरी ७८ मिनिटं चालली, तर सैल सोडणाऱ्यांत ६१ मिनिटं! २००५ साली त्यांनीच चित्रफिती तपासून दाखवलं, की "दुखेल", "टोचेल" अशा शब्दांत सावध केलं तर वेदना आणि भीती दोन्ही वाढतात, आणि नंतर त्याच शब्दांत सहानुभूती दाखवली तर वेदना नाही तरी भीती वाढते. २००८ साली छापलेल्या आणखी एका अभ्यासात तर नुसती आस्था दाखवलेल्या गटात त्रासाचे प्रसंग इतके वाढले की अभ्यास मध्येच थांबवावा लागला. म्हणजे शेजारी बसून "अरेरे" म्हणण्यापेक्षा काहीतरी करायला शिकवणं बरं.

या कथेत भारत पुन्हा एकदा येतो. अमेरिकेतल्या ड्यूक विद्यापीठाचे हृदयरोगतज्ज्ञ मिचेल क्रुकॉफ आणि परिचारिका सुझॅन क्रेटर हे आंध्रातल्या पुट्टपर्तीच्या रुग्णालयात आले होते. तिथल्या रुग्णांच्या चेहऱ्यावरची शांती बघून त्यांनी परत जाऊन अभ्यास आखला आणि नावही 'मंत्र' ठेवलं. ७४८ रुग्ण, ९ रुग्णालयं, निष्कर्ष २००५ साली. काहींसाठी दूरवरून प्रार्थना, काहींना अँजिओप्लास्टीआधी पोटाने श्वास, आवडतं संगीत, कल्पनाचित्र आणि स्पर्श. नंतरच्या मोठ्या गुंतागुंतींत प्रार्थनेनेही फरक पडला नाही आणि संगीत-श्वासानेही नाही. पण दुसऱ्या प्रकारातल्या रुग्णांची आत जाण्यापूर्वीची घालमेल कमी झाली होती. सहा महिन्यांतले मृत्यूही त्या गटात कमी दिसले, पण तो मुख्य निकष नव्हता, त्यामुळे त्यावर इमले बांधायला नकोत.

मला यातला प्रामाणिकपणा आवडतो. श्वासाने धमनीतला अडथळा वितळत नाही. तसं सांगणारे कुणी भेटले तर सरळ नमस्कार करून निघावं. मिळतं ते एवढंच, की तासभर जरा बरा जातो, गुंगीचं औषध कमी पुरतं (वयस्कर माणसाच्या श्वासाच्या दृष्टीने हेही बरंच), आणि हात सैल राहतो.

गेल्या महिन्यात माझ्या थोरल्या बहिणीची अँजिओप्लास्टी ठरली. ती जन्मभर प्राथमिक शाळेत शिकवत होती. फोनवर म्हणाली, "अरे, सगळे रिलॅक्स रिलॅक्स करतायत. करायचं काय ते सांग की, कृती सांग!" मग आमचा वर्ग भरला. रोज पंधरा मिनिटं उताणं पडायचं. मूठ निम्म्या जोरानेच आवळायची, श्वास न रोखता, पाच-सहा सेकंद. मग एकदम सोडायची आणि सोडल्यावर हात कसा जड होतो ते वीस-तीस सेकंद नुसतं बघायचं. मग खांदे, जबडा, पोट, पाय. शेवटी दाते डॉक्टरांची नाकपुडीवरची गार-कोमट हवा. टेबलावर मात्र आवळायचा भाग गाळायचा, फक्त सोडायचं. स्वतःहून खोल श्वास घ्यायचे नाहीत, कारण छाती हलली की चित्र हलतं. "रोखा" म्हटलं की रोखायचा. आणि छातीत दुखलं तर सोसत बसायचं नाही, लगेच सांगायचं. "ताई, शांत राहणं म्हणजे गप्प राहणं नव्हे," असं मी म्हटल्यावर ती हसून म्हणाली, "ते मला जमायचंच नाही!" तिचं सगळं नीट पार पडलं. तिला कितपत उपयोग झाला विचारलं तर म्हणाली, "भीती वाटलीच. पण तिच्याबरोबर करायला काहीतरी काम होतं."

अँजिओप्लास्टीच्या आधी एक कागद देतात. किती तास उपाशी राहायचं, कुठल्या गोळ्या बंद करायच्या, दागिने काढून ठेवायचे, जुने रिपोर्ट आणायचे. त्या कागदावर तळाशी चार ओळींची जागा नक्कीच निघेल. १९६४ साली एग्बर्ट यांनी आदल्या दिवशी पलंगाशेजारी बसून जे सांगितलं, ते मराठीत चार ओळींत मावतं. ना त्याला यंत्र लागतं, ना बिलात वेगळी रक्कम लावावी लागते. फक्त ते आधी सांगायला हवं. आत गेल्यावर, दिवे लागल्यावर नुसतं "रिलॅक्स" म्हणून चालत नाही.